उन्हाळ्यात असेम्बल्ड पीसी अचानक बंद का पडतो? अपग्रेडआधी हे तपासा

मे महिन्यात जळगाव-धुळ्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. नेमका तेव्हाच घरी जोडलेला पीसी गेम किंवा व्हिडिओ एडिटिंग सुरू असताना बंद पडतो. 'जुना झाला' म्हणून नवा प्रोसेसर घेण्याआधी थोडं थांबा.

कारण काय?
पंखा प्रोसेसरला खोलीतल्याच हवेने थंड करतो. खोली 25 ऐवजी 40 अंशांवर असेल, तर प्रोसेसरही साधारण 15 अंशांनी जास्त तापतो. बहुतेक प्रोसेसर 95 ते 100 अंशांजवळ स्वतःचा वेग कमी करतात. तरीही तापमान वाढलं, तर पीसी बंद होतो.

काय तपासाल?
प्लग काढून कॅबिनेट उघडा. हीटसिंकमधली धूळ ब्लोअरने उडवा, पण पंखा बोटाने धरून ठेवा. थर्मल पेस्ट वाळली असेल तर नवी लावा. तापमान ठीक असूनही पीसी बंद पडत असेल, तर एसएमपीएस आणि घरातलं व्होल्टेज तपासून घ्या.

पैसे कुठे घालाल?
अजून हार्ड डिस्कच असेल, तर आधी एसएसडी. रॅम घेताना मदरबोर्ड बघा: डीडीआर3 च्या स्लॉटमध्ये डीडीआर4 बसत नाही.

विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. विंडोज 11 ला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलच्या आठव्या पिढीआधीचे बहुतेक प्रोसेसर त्यात बसत नाहीत. पीसी तेवढा जुना असेल तर एसएसडी घ्या, ती पुढच्या पीसीतही चालेल. डीडीआर3 रॅमवरचा खर्च मात्र वाया जाईल.