सांदवाडीतला मिरग

आमच्या झाडीपट्टीत घर कसं आहे ते ओसरीवरून कळत नाही, मागच्या सांदवाडीवरून कळते. पवनी तालुक्यातल्या कोंढ्याला आजीच्या सांदवाडीत दरसाल पेरावं लागेल असं फारसं काही नव्हतंच. मुनगा, म्हणजे पुण्याकडच्यांचा शेवगा. गोडनिंब, कुंदरूचा वेल, कोपऱ्यात सुरण, न्हाणीच्या पाण्यावर धोपा, म्हणजे अळू, आणि कर्दळ. उन्हाळ्यात कुंदरूचा वेल वाळून काडी व्हायचा. नव्या सुना तो उपटायला जात आणि आजी ओरडे, "हात नोको लावू, खाली जीव आहे त्याचा!" पहिल्या सरीनंतर गड्ड्यातून कोंब वर येई.

आजोबांचा जीव मात्र बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. धानाचं पीक म्हणजे सगळी आभाळाची उधारी. जूनच्या सात-आठ तारखेला मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, लागे, त्या दिवशी आम्हा पोरांच्या तोंडात गुळात बांधलेली हिंगाची गोळी कोंबली जाई. का, ते कुणी सांगितलं नाही. थुंकली तर दुसरी मिळे, एवढं आठवतं. मग पंचांगात नक्षत्राचं वाहन बघायचं. बेडूक, म्हैस, हत्ती निघाला की आजोबा खूश. कोल्हा किंवा गाढव निघालं की ते पंचांगवाल्यावर चिडत, जणू त्यानंच आणलं.

सण तिथीनं मागंपुढं सरकतात, पण मिरग सूर्याच्या चालीवर असल्यानं तारीख सोडत नाही. पाऊस तारीख पाळतोच असं नाही. विदर्भात मोसमी वारे साधारण जूनच्या मध्याला पोचतात, म्हणजे मिरग लागल्यावर आठवडाभर तरी आभाळ बरेचदा कोरडंच असायचं. आजोबांना हे हवामान खात्यानं सांगितलं नव्हतं, तरी एका सरीला भुलून ते परे, म्हणजे धानाची रोपं, टाकत नसत. मला तर वाटतं, नक्षत्रं पाऊस सांगण्यापेक्षा कामं सांगायलाच जास्त उपयोगी होती. मिरगात परे, पुढं रोवणी, हस्त निघून गेला की धानाच्या लोंबीकडे डोळे.

पावसासाठी ते दुसऱ्यांनाच विचारत. कावळ्यानं झाडाच्या मधल्या फांदीत घरटं केलं तर बरं, अगदी शेंड्यावर केलं तर पाऊस कमी. टिटवीनं तलावाच्या पोटात अंडी घातली तर तलाव भरायचा नाही, पाळीवर घातली तर भरणार. मारुती चितमपल्लींनी पुढं असे कितीतरी संकेत लिहून ठेवले. ते वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते आणि तेव्हा नवेगावबांध आमच्याच भंडारा जिल्ह्यात होतं. 1999 साली गोंदिया वेगळा झाला आणि ते तिकडं गेलं. टिटवीचं कधी खरं ठरे, कधी नाही. नाही ठरलं त्या वर्षाबद्दल आजोबा बोलत नसत.

आजी बोले. "पाखराले का समजते बापा? तेही आपल्यासारखंच पोटासाठी फिरते." तिच्या सासूनं लहानपणी 1899-1900 चा दुष्काळ पाहिला होता म्हणे. घरात दाणा नव्हता, मोहाची फुलं आणि मुनग्याचा पाला खाऊन दिवस काढले. यातलं सासूचं किती आणि आजीनं घातलेलं किती, देव जाणे. पण तेव्हापासून आमच्या घरात मुनगा नाही असा एकही दिवस गेला नाही, असं ती शपथेवर सांगे. पावसानं दगा दिला त्या वर्षीही ताटात बेसन लावलेल्या मुनग्याच्या शेंगा असत, नाहीतर धोप्याच्या वड्या. धोप्यानं घसा खाजू नये म्हणून ती चिंच घाली, आणि खाजलाच तर दोष पानाला न देता खाणाऱ्याच्या खोटं बोलण्याला देई.

1951 मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारचे झाले. भंडारा मध्य प्रांतातून मध्य प्रदेशात, तिथून मुंबई राज्यात आणि 1960 ला महाराष्ट्रात आलं. सांदवाडीत यातलं काही पोचलं नाही. पोचलं ते गोसे खुर्दचं धरण. 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते त्याची कोनशिला बसली आणि पुढं वैनगंगेकाठची गावं एकेक करत उठली. आमच्या आत्याचं सासर त्यात होतं. कवेलू, दारं, चौकटी बैलगाडीत की ट्रॅक्टरमध्ये भरल्या, यावर अजून घरात वाद आहे. आत्यानं मात्र पोत्यात धोप्याचे गड्डे आणि मुनग्याच्या चार फांद्या घेतल्या होत्या, यावर सगळ्यांचं एकमत आहे. पुनर्वसनाच्या प्लॉटवर घराची भिंत उठायच्या आधी मुनगा लागला. ती फांदी मुळात आजीच्याच झाडाची.

आजी गेल्यावर कोंढ्याचं जुनं झाड वादळात मोडलं. मुनग्याचं लाकूड ठिसूळ, त्याला वादळ लागतंच असं नाही. मग आत्याकडून फांदी परत आणून लावली. तुम्हाला लावायची असेल तर मनगटाएवढी जाड, कंबरेएवढी लांब फांदी घ्या, सावलीत दोन-चार दिवस कापाची जागा सुकू द्या आणि पाऊस धरला की लावा. पाणी साचेल तिथं नको. बुडखा खाली, शेंडा वर, एवढं ध्यानात ठेवा. फांदी नसेल तर कोंढ्याला या. मुनग्याच्या फांदीला आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही.