ॲसायक्लोव्हिरचे सागरी कूळ

जननेंद्रियांवर वारंवार फोड आणणाऱ्या हर्पीस या विषाणुजन्य आजारावर आज सर्रास दिल्या जाणाऱ्या ॲसायक्लोव्हिरचे कूळ फ्लोरिडाच्या समुद्रातील एका स्पंजापर्यंत पोहोचते. येल विद्यापीठातील वर्नर बर्गमन यांनी १९४५ मध्ये गोळा केलेल्या त्या स्पंजातून पुढे काही न्यूक्लिओसाइडे, म्हणजे नत्रयुक्त घटक आणि शर्करा यांच्या जोड्या, वेगळी केली गेली. त्यांत जनुकद्रव्यातील नेहमीच्या शर्करेऐवजी अरॅबिनोज ही शर्करा आढळली. याच धर्तीवर १९६० मध्ये कर्करोगासाठी घडवलेल्या व्हिडॅराबिनचा विषाणुविरोधी गुण १९६४ मध्ये उघड झाला.

या वंशावळीवर एक सबळ आक्षेप घेता येतो. ॲसायक्लोव्हिरमध्ये अरॅबिनोज मुळीच नाही. त्यात शर्करेचे वलयच मोडलेले आहे, आणि वलय अपुरे असले तरी विकर, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन, रेणूला ओळखते, हे हॉवर्ड शेफर यांनी स्पंजाशी संबंध नसलेल्या संशोधनातून दाखवले होते. शिवाय ॲसायक्लोव्हिर घडवणाऱ्या गटाच्या प्रमुख गर्ट्रूड एलियन यांना डायअमिनोप्युरिन या संयुगाचा विषाणुविरोधी गुण १९४८ मध्येच दिसला होता. तथापि तो धागा विषारीपणामुळे एलियन यांनी जवळपास वीस वर्षे बाजूला ठेवला होता, आणि व्हिडॅराबिनची वार्ता कळल्यावर १९६८ मध्ये तो पुन्हा हाती घेताना त्याच जुन्या संयुगाला अरॅबिनोज जोडून पाहिली, ही गोष्ट आक्षेपकांच्या नजरेतून निसटते. शेफर यांचे कौशल्य स्वतंत्र होते हे खरे. परंतु ते एलियन यांच्या ज्या कामाला लागले, त्या कामाची प्रेरणा स्पंजाकडूनच आली, असे मानणे अधिक सयुक्तिक होय.

१९७७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या औषधाला विषाणूचेच एक विकर कार्यरत करते, त्यामुळे निरोगी पेशी बहुतांशी सुरक्षित राहतात. मात्र कण्याच्या तळाजवळील मज्जागंडिकांत, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांत, सुप्त राहणारा विषाणू तेथे स्वतःच्या प्रती काढत नसल्याने औषधाच्या तडाख्यात येत नाही आणि आजार समूळ जात नाही. म्हणून चुणचुण सुरू होताच काही दिवस, किंवा फोड वारंवार येत असल्यास रोज, गोळी घेतली जाते. ॲसायक्लोव्हिरचेच सुलभपणे शोषले जाणारे रूप असलेल्या व्हॅलासायक्लोव्हिरची रोज ५०० मिलिग्रॅमची मात्रा जोडीदाराला होणारा संसर्ग सुमारे निम्म्याने घटवते, असे २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आढळले. उरलेल्या जोखमीसाठी निरोध वापरणे आणि फोड असताना संबंध टाळणे आवश्यकच राहते.