पोर्शे ३५६ आणि बीटल : एकाच घरातल्या दोघी

आज दोन जर्मन गाड्यांबद्दल बोलूया. एक पोर्शे ३५६, जिच्यासाठी आज शौकीन लोक बंगल्याची किंमत मोजतात. दुसरी फोक्सवॅगन बीटल, गरिबाची गाडी. तुलना कसली करायची, असं वाटेल. पण बोनेट उघडा... थांबा, दोघींचंही इंजिन मागे आहे! तिथूनच सुरुवात करू.

१९४८. ऑस्ट्रियातलं ग्म्युंड नावाचं छोटं गाव. युद्धात बॉम्बहल्ल्यांमुळे पोर्शे कंपनीने आपलं काम तिथल्या एका लाकडाच्या गिरणीत हलवलं होतं. फर्डिनांड पोर्शेंचा मुलगा फेरी याने तिथे पहिली ३५६ बनवली. सुटे भाग कुठून आणायचे? बीटलमधून! बीटलही त्याच्या वडिलांनीच डिझाइन केलेली. तेच ११३१ सीसीचं, हवेने थंड होणारं चार सिलिंडरचं इंजिन. तेच सस्पेन्शन. बीटलमध्ये ते इंजिन साधारण २५ अश्वशक्ती द्यायचं, फेरीच्या लोकांनी ३५ काढली. वर हाताने ठोकून घडवलेली ॲल्युमिनियमची हलकी बॉडी. वेग ताशी १३५ किलोमीटर, बीटल शंभरच्या आसपास दमायची. माझ्या मते खरी करामत इंजिनापेक्षा वजनात होती.

त्याच वर्षी फोक्सवॅगनशी करार झाला. सुटे भाग मिळणार, आणि विकल्या गेलेल्या प्रत्येक बीटलमागे पोर्शेला रॉयल्टी. म्हणजे बघा, स्पोर्ट्स कारचं घर चालायचं ते स्वस्त गाडीच्या विक्रीवर. १९५१ मध्ये ३५६ ने ल मान्सच्या शर्यतीत ११०० सीसीच्या गटात बाजी मारली.

पण ही स्वस्त गाडी आधी कुणाला कबूल केली होती? इथे गोष्ट जरा कडू होते.

१९३८ मध्ये नाझी राजवटीने योजना काढली. किंमत ९९० मार्क. दर आठवड्याला किमान पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं, वहीत चिकटवायचं. म्हणजे जवळजवळ चार वर्षांची बचत. आपल्याकडच्या भिशीत निदान आपला नंबर कधीतरी लागतो. इथे सुमारे ३ लाख ३६ हजार लोकांनी पैसे भरले आणि गाडी एकालाही मिळाली नाही. युद्ध सुरू झालं, कारखान्यात लष्करी गाड्या बनू लागल्या, त्याही मोठ्या प्रमाणावर वेठीला धरलेल्या परदेशी मजुरांकडून आणि छळछावणीतल्या कैद्यांकडून. पोर्शेंच्या चरित्रात हे पान अनेकजण पटकन उलटतात. आपण उलटायला नको.

युद्धानंतर ब्रिटिश मेजर आयव्हन हर्स्ट यांनी तो मोडकळीला आलेला कारखाना पुन्हा सुरू केला. बीटल रस्त्यावर आली, जगभर गेली. तेव्हा वह्या जपून ठेवलेले ते बचतदार कोर्टात गेले. कंपनीचं म्हणणं, करार आमच्याशी नव्हताच, तो नाझींच्या कामगार संघटनेशी होता. खटला वर्षानुवर्षं चालला. १९६१ मध्ये तडजोड झाली: नवीन गाडीवर जास्तीत जास्त ६०० मार्कांची सूट, नाहीतर १०० मार्क रोख.

तोवर ३५६ ची जागा घेणाऱ्या ९११ चं काम पोर्शेमध्ये सुरू झालं होतं. इंजिन हवेने थंड होणारं, आणि अजूनही मागेच.