वेस तिथेच, वस्ती पुढे

कोल्हापूर महापालिकेचे क्षेत्रफळ ६६.८२ चौरस किलोमीटर. १५ डिसेंबर १९७२ रोजी नगरपालिकेची महापालिका झाली, तेव्हाही ते एवढेच होते. मधल्या काळात शहराची लोकसंख्या दुपटीवर गेली, आयुक्त आले आणि गेले, महापौरपद तर गटातटांत महिन्यांच्या हिशेबाने वाटून घेण्यापर्यंत मजल गेली. हद्द मात्र इंचभरही सरकली नाही. त्यामुळे या संस्थेची वाटचाल लिहायला बसले की दोन वेगळ्या कहाण्या हाती लागतात. पहिली १९७२ पर्यंतची, तीत शहर वाढते आणि नगरपालिका त्याच्यामागे धावते. दुसरी त्यानंतरची, तीत शहर वाढतेच, पण महापालिका वेशीवर उभी राहून ते बघते.

नगरपालिका स्थापन झाली १२ ऑक्टोबर १८५४ रोजी. तेव्हाचे कोल्हापूर म्हणजे अंबाबाईच्या देवळाभोवतीचे, पंचगंगेच्या काठचे, तटाआडचे गाव. तट गेला, पण गंगावेस आणि रविवार वेस ही नावे रोजच्या बोलण्यात आणि केएमटी बसच्या पाट्यांवर अजून आहेत. गाव तटाबाहेर पडले ते रेल्वेमुळे. १८९१ मध्ये मिरजेहून लोहमार्ग आला आणि चारच वर्षांत, १८९५ मध्ये, शाहू महाराजांनी स्टेशनाजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. गुळाचे अडते तिथे आले, वखारी उभ्या राहिल्या. पुढे १९०६ मध्ये शाहू मिलचा पाया घातला गेला. मधल्या वर्षांत प्लेगने माणसे नेली, घरे ओस पाडली. तरीही १९०१ च्या जनगणनेत शहरात सुमारे ५४ हजार लोक होते. त्या सुमारास नगरपालिकेचा कारभार पाहणारे सुपरिंटेंडेंट भास्करराव जाधव हे नाव इथे मुद्दाम घ्यायला हवे. नळ, गटार, रस्ता या किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींना राज्यकारभाराचा दर्जा देणारी ती पिढी होती.

राजारामपुरी हा या पहिल्या कहाणीतला सर्वांत देखणा भाग. छत्रपती राजाराम महाराजांच्या काळात आखलेली ही वसाहत आजही नकाशावर चटकन ओळखू येते. मधून रुंद मुख्य रस्ता आणि त्याला काटकोनात मिळणाऱ्या, नावाऐवजी क्रमांक असलेल्या गल्ल्या. पहिली गल्ली, पाचवी गल्ली, अकरावी गल्ली, पत्ता एवढ्यावर भागतो. माणसे राहायला येण्याआधी रस्ते आखले गेले, हे तिचे खरे वैशिष्ट्य. ज्या क्रमाने राजारामपुरी झाली, तो क्रम नंतर कोल्हापूरला पुन्हा साधलेला दिसत नाही. आता आधी गुंठ्यात प्लॉट पडतात, मग घरे होतात, मग बोअर मारली जाते आणि रस्ता शेवटी, तोही निवडणूक तोंडावर आली तर.

१९४९ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. १९५१ च्या जनगणनेत शहराने सव्वा लाखाचा आकडा मागे टाकला होता. उद्यमनगरात लेथ, भट्ट्या आणि ऑइल इंजिनांचे सुटे भाग यांचा धंदा जोरात होता. १९६२ हे वर्ष दोन अंगांनी महत्त्वाचे. त्याच वर्षी शिवाजी विद्यापीठ सुरू झाले आणि त्याच वर्षी केएमटीची बसही. विद्यापीठ शहराच्या कडेला माळावर गेले, बस आसपासच्या गावांत गेली. दुधाची किटली आणि कॉलेजची वही एकाच बसमधून शहरात येऊ लागली. नगरपालिकेची हद्द आणि नगरपालिकेची सेवा यांत अंतर पडायला तिथूनच सुरुवात झाली म्हणायची.

महापालिका झाली तेव्हा शहर होते २ लाख ५९ हजारांचे, १९७१ च्या गणनेप्रमाणे. पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायला १९७८ उजाडले, तोवर प्रशासकाचा कारभार. प्रशासक द्वारकानाथ कपूर यांचे नाव जुने कोल्हापूरकर अजून काढतात, ते रस्ते रुंद केले म्हणून. ज्यांच्या घराचे कट्टे तेव्हा गेले, त्यांनी शिव्या घातल्या. त्यांचीच नातवंडे आज त्या रस्त्यावर गाडी लावायला जागा शोधतात.

पुढचे आकडे नीट पाहण्यासारखे आहेत. १९८१ मध्ये ३ लाख ४० हजार, १९९१ मध्ये ४ लाख ६ हजार, २००१ मध्ये ४ लाख ९३ हजार, २०११ मध्ये ५ लाख ४९ हजार. १९७१ ते १९८१ या दशकात वाढ ३१ टक्के, तर २००१ ते २०११ मध्ये जेमतेम ११ टक्के. हे आकडे समोर ठेवून कोल्हापूर थंडावले, पोरे पुण्याला गेली, उद्योग कर्नाटकात चालले, असे निष्कर्ष काढणारे पुष्कळ भेटतात. त्यात तथ्य नाही असे नाही. पण पाचगाव, मोरेवाडी, कळंबा, उचगाव, उजळाईवाडी या बाजूला एक फेरी मारली की हा निष्कर्ष डळमळतो. शहर थांबलेले नाही, मोजपट्टी हद्दीपाशी थांबते. जनगणनेने कोल्हापूरचा ‘नागरी समूह’ मोजला, तेव्हाही महापालिकेच्या आकड्यात भर पडली सुमारे १२ हजारांचीच.

वाढ दक्षिणेला आणि पूर्वेलाच का गेली, याचे उत्तर नदीकडे आहे. उत्तर आणि पश्चिम अंगाला पंचगंगेची पूररेषा. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ मध्ये पाणी ५५ फुटांवर गेले आणि २०२१ मध्ये ५६ फुटांच्याही वर. २०१९ च्या पुरानंतर तर घर बघायला जाणारा माणूस खोल्या किती हे विचारण्याआधी पाणी कुठवर आले होते, हे विचारू लागला. उंचावरच्या माळाची जमीन म्हणूनच भाव खाऊ लागली, आणि ती बहुतेक महापालिकेच्या हद्दीपलीकडे.

दक्षिणेकडच्या एखाद्या रस्त्यावर उभे राहिले की ही हद्द कळते, पण डोळ्यांना सहजी दिसत नाही. रस्त्याच्या एका बाजूच्या अपार्टमेंटपुढे महापालिकेची घंटागाडी थांबते, समोरच्या बाजूला ग्रामपंचायतीचा ट्रॅक्टर येतो, आला तर. दोन्हीकडची मुले एकाच शाळेत जातात, आजारी पडली की एकाच दवाखान्यात. इकडच्याला घरफाळा महापालिकेचा, तिकडच्याला ग्रामपंचायतीचा आणि कितीतरी कमी. इकडे नळाला कमी दाबाने का होईना पाणी, तिकडे उन्हाळ्यात टँकर.

हद्दवाढीचे प्रस्ताव १९९० पासून सुरू आहेत. गावांचा आकडा दर वेळी निराळा, कधी बेचाळीस, कधी अठरा आणि शिरोली व गोकुळ शिरगाव या दोन एमआयडीसी. सभागृहात ठराव होतो, प्रस्ताव मुंबईला जातो, गावे बंद पुकारतात, मग शहरातली कृती समिती बंद पुकारते आणि फाइल परत कपाटात. ग्रामीण आमदार विरोधात, शहरातले बाजूने, पक्ष कुठलाही असो. या बाबतीत कोल्हापूरचे राजकारण कमालीचे प्रामाणिक आहे.

गावांचे म्हणणे आडमुठेपणाचे ठरवून मोकळे होता येणार नाही. घरफाळा वाढेल, शेतीवर आरक्षण पडेल, सरपंचपद जाऊन एका प्रभागाचा कोपरा होईल, ही भीती खरी आहे. आणि त्यांचा सवाल त्याहून खरा आहे: आहे त्या उपनगरांना तुम्ही काय दिलेत? पन्नास वर्षे हद्दीत असलेल्या कॉलन्यांतले खड्डे दाखवून ते हा सवाल विचारतात, तेव्हा महापालिकेकडे उत्तर नसते. उलट बाजूला महापालिकेचीही अडचण आहे. जकात गेली, एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली, २०१५ मध्ये तीही बहुतेक व्यापाऱ्यांपुरती गेली. उरला घरफाळा, पाणीपट्टी आणि सरकारकडून येणारे अनुदान. रस्ते करायला पैसा नाही म्हणून ते खाजगी कंपनीकडून करून घेतले, तर टोलविरोधात अख्खे शहर रस्त्यावर उतरले आणि टोल घालवूनच थांबले. जागा वाढत नाही, उत्पन्न वाढत नाही, आणि दिवसा शहरात वावरणारी गर्दी मात्र वाढतच जाते.

गांधीनगरची गोष्ट यात वेगळीच. दुसऱ्या महायुद्धात वळिवडे इथे पोलंडच्या निर्वासितांची छावणी होती, सुमारे पाच हजार माणसांची. ती मंडळी १९४८ पर्यंत निघून गेली आणि त्या रिकाम्या बराकींत फाळणीने उखडलेली सिंधी कुटुंबे आली. कुणीही आराखडा न करता तिथे कापडाची घाऊक बाजारपेठ उभी राहिली. लग्नाचा बस्ता बांधायला सीमाभागातून लोक तिथे येतात. शहराच्या अगदी लगत, शहरात जकात होती तेव्हाही इथे ती नव्हती, आणि वाहतूककोंडी मात्र शहरासारखीच.

२०१७ मध्ये हद्दवाढीऐवजी तोडगा म्हणून ४२ गावांचे नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण आले. बांधकाम परवाने तिकडे गेले, पाणी आणि कचरा होता तिथेच राहिला. त्याच सुमारास जिल्ह्यात कागदोपत्री शहरे मात्र भराभर झाली: हुपरी, शिरोळ, आजरा, मग चंदगड आणि हातकणंगले. २०२२ मध्ये इचलकरंजीची महापालिका झाली. राज्यभर हेच चित्र आहे. महाराष्ट्रात नगरपालिका किंवा महापालिका असलेली गावे २००१ ते २०११ या दशकात २५१ वरून २५६ झाली, तर लोकसंख्येने आणि धंद्याने शहर, पण कारभाराने ग्रामपंचायत, अशी गावे १२७ वरून २७९ वर गेली. पुण्याने १९९७, २०१७ आणि २०२१ मध्ये गावे पोटात घेतली. तिथल्या नव्या गावांची पाणी मिळत नसल्याची तक्रार ऐकून इथले सरपंच आणखी सावध झाले, हेही खरे.

महापालिकेच्या खात्यावर अलीकडे जमा झालेले मोठे काम म्हणजे काळम्मावाडीची थेट पाइपलाइन. धरणापासून सुमारे ५३ किलोमीटरवरून पाणी पुईखडीला पोचले ते २०२३ च्या दिवाळीत, एका पिढीच्या मागणीनंतर. धरणातले पाणी आले, पण गल्लीतल्या जुन्या वाहिन्या आणि टाक्या त्याला पुऱ्या पडत नाहीत, ही पुढची लढाई आता चालू आहे.

नोव्हेंबर २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपली, त्यानंतर पुन्हा प्रशासकाचे दिवस. जानेवारी २०२६ ची निवडणूक झाली ती जुन्याच हद्दीत, ८१ जागांसाठी. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढची १ मार्च २०२७ हा संदर्भदिन धरून होणार आहे आणि तिच्यासाठी प्रशासकीय हद्दी ३१ डिसेंबर २०२५ रोजी गोठवल्या गेल्या. म्हणजे पाचगावच्या सातव्या मजल्यावर राहून रोज शाहूपुरीत दुकान उघडणारे कुटुंब याही खेपेला कोल्हापूर शहराच्या आकड्यात येणार नाही.