ज्याची त्याची भट्टी

कॅनडातल्या क्यूबेकमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंश सहज उतरतो. अशा थंडीत मळलेली कणीक घेऊन कोसभर चालायचं, जमीनदाराच्या भट्टीपुढे रांग लावायची आणि पाव भाजून झाले की त्यातला ठरलेला हिस्सा तिथेच सोडून घरी परतायचं. एवढी थंडी सोडली, तर फ्रान्समधले शेतकरी शेकडो वर्षं हेच करत आले होते. सतराव्या शतकात फ्रेंचांनी क्यूबेकमध्ये सेंट लॉरेन्स नदीकाठी वसाहत केली, तेव्हा जमिनीबरोबर जमीनदारही आले आणि त्यांच्यातल्या काहींनी सगळ्यांना आपल्याच भट्टीत पाव भाजायला लावण्याचा हक्कही सांगितला. १७०७ साली राजाने नेमलेला तिथला मुख्य कारभारी झाक रोदो याने फ्रान्सला लिहून कळवलं की हा हक्क काढूनच टाकावा. घरं एकमेकांपासून लांब, त्यात तिथला हिवाळा. कणीक भट्टीपर्यंत पोचायची कशी? जमीनदाराच्याच गिरणीत दळण्याची सक्ती १८५४ मध्ये जमीनदारी पद्धत रद्द होईपर्यंत टिकली. भट्टीची मात्र तिथे कधी रुजलीच नाही. शेतकऱ्यांनी आपापल्या घराशेजारी आपापली भट्टी बांधली.

आज अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात किंवा युरोपात एखादा हौशी माणूस सुट्टीच्या दिवशी परसात माती तुडवून घुमट उभारतो, शेजारी ओटा आणि छप्पर करून उघड्यावरचं स्वयंपाकघर सजवतो, तेव्हा त्याच्या डोक्यात पिझ्झा असतो. पण स्वतःची भट्टी ही बराच काळ हौसेची नव्हे, हक्काची गोष्ट होती.

मराठी घराला हे चटकन उमगणार नाही, कारण भाकरीला तवा पुरतो. पावाला खोली लागते. चुलीवर जाळ खाली आणि भांडं वर. भट्टीत जिथे जाळ पेटला होता, नेमकं तिथेच अन्न ठेवायचं. आधी दोन-तीन तास सरपण जाळून घुमटाच्या भिंती आणि खालची जमीन तापवायची, मग निखारे ओढून काढायचे, ओल्या पोतेऱ्याने राख पुसायची आणि पाव आत सरकवून तोंड बंद करायचं. त्यानंतर काम करते ती विटांनी किंवा मातीने पोटात साठवलेली उष्णता. एवढी लाकडं दोन पावांसाठी कोण जाळणार? म्हणून भट्टी एकतर सगळ्या गावाची असते, नाहीतर आठवड्याचे पाव एकदम भाजणाऱ्या घराची.

फ्रान्समध्ये ती गावाची होती, म्हणजे जमीनदाराची. गिरणी, द्राक्षं पिळायचा घाणा आणि भट्टी या तिन्हींची मक्तेदारी त्याच्याकडे. भट्टी सांभाळायची तोशीस त्याची, म्हणून वाटाही त्याचा, असा हिशेब. घरोघरी भट्ट्या नकोत याला आगीचंही कारण होतं आणि ते अगदीच खोटं म्हणता येत नाही. १६६६ साली लंडन जळलं, त्या आगीची सुरुवात पुडिंग लेनमधल्या एका पाववाल्याच्या घरातून झाली होती. तरीही शेतकऱ्याच्या नजरेला आग दिसत नव्हती, हातातून जाणारा पाव दिसत होता. फ्रेंच राज्यक्रांतीच्या काळात, १७९३ साली, असे उरलेसुरले सरंजामी हक्क भरपाईशिवाय रद्द झाले.

सामायिक भट्टीचा आणखी एक घोळ: कुणाचा पाव कुठला? इसवी सन ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम या रोमन शहरात कोळसा झालेला एक पाव सापडला. त्यावर ठसा आहे, ‘केलेर, क्विंटस ग्रानियस वेरस याचा गुलाम’. पावासोबत त्या गुलामाचं नावही दोन हजार वर्षं टिकलं. दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात विसाव्या शतकापर्यंत घरोघरी लाकडी कोरीव शिक्के असत. कणीक गावच्या भट्टीवर पाठवण्याआधी त्यावर आद्याक्षरं उमटवायची. आपल्याकडेही हे अगदी अनोळखी नाही. सुट्टीत किंवा दिवाळीच्या तोंडावर नानकटाईचं पीठ डब्यात भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत न्यायचं, पत्र्याच्या ट्रेवर नावाची चिठ्ठी ठेवायची आणि किलोच्या हिशेबाने भाजणावळ द्यायची, हे अनेक मराठी घरांनी केलेलं आहे. तिथली भाजणावळ कुणाला जाचली नाही, कारण नानकटाईवाचून कुणाचं पोट अडत नव्हतं.

पुन्हा क्यूबेककडे वळायला हवं, कारण घरच्या भट्टीची सगळ्यात तपशीलवार नोंद तिथली आहे. लीझ बोआली आणि झाँ-फ्राँस्वा ब्लाँशेत या दोघा अभ्यासकांनी तिथल्या जुन्या भट्ट्या मोजल्या, त्या बांधणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना बोलतं केलं आणि १९७६ साली त्यावर पुस्तक लिहिलं. बांधायची रीत अशी: आधी ओंडक्यांचा किंवा दगडांचा चौथरा. त्यावर मातीची जमीन. मग अल्डर झाडाच्या लवचीक फांद्या वाकवून सांगाडा विणायचा. कोंबड्या झाकायचं डालगं उपडं ठेवल्यासारखा. चिकणमातीत वाळलेलं गवत घालून ती पायांनी तुडवायची आणि तिचे गोळे खालून वर रचत सांगाडा लिंपून टाकायचा. सुकल्यावर आत हलका जाळ करायचा, पुढे तो वाढवत न्यायचा. आतला सांगाडा त्यातच जळून जातो आणि भाजलेल्या मातीचा घुमट स्वतःच्या आधाराने उभा राहतो. वरून पाऊस-बर्फ लागू नये म्हणून फळ्यांचं छप्पर.

या सगळ्यात विकत घ्यायची वस्तू जवळजवळ एकच, ओतीव लोखंडाचं दार. ती दारं त्र्वा-रिव्हिएर गावाजवळच्या सेंट मॉरिस लोखंड कारखान्यातून येत. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सुरू झालेला हा कारखाना १८८३ मध्ये बंद पडला. भट्टी तापली का हे पाहायला तापमापक नसे. आत हात घालून आकडे मोजायचे. किती आकड्यांवर हात मागे घ्यावा लागतो त्यावरून पाव घालायचा की थांबायचं हे ठरे. नाहीतर चिमूटभर पीठ आत टाकायचं. ते लगेच काळं पडलं तर घाई नको.

या भट्ट्यांच्या मापांतून एक आकडा पुढे आला आणि आज परसात भट्टी बांधणाऱ्यांना तो पाठ असतो. दाराची उंची घुमटाच्या आतल्या उंचीच्या सुमारे ६३ टक्के. या भट्टीला धुराडं नसतं. गार हवा दाराच्या खालच्या अंगाने आत शिरते आणि धूर त्याच दाराच्या वरच्या अंगाने बाहेर पडतो. दार फार उंच झालं तर उष्णता पळते, बुटकं झालं तर जाळ घुसमटतो. बांधणाऱ्या शेतकऱ्यांनी टक्केवारी मांडली नव्हती. शेजाऱ्याची धुमसणारी भट्टी पाहूनच ते शहाणे झाले असणार.

मग पाववाल्याची गाडी दारात येऊ लागली आणि भट्ट्या ओस पडल्या.

त्यांना परत आणणाऱ्यांत ॲलन स्कॉट हे नाव मोठं. जन्माने ऑस्ट्रेलियन, हाताने लोहार, उत्तर कॅलिफोर्नियात स्थायिक झालेला हा माणूस विटांच्या भट्ट्या बांधायचा आणि लोकांना बांधायला शिकवायचा. डॅनियल विंग यांच्यासोबत त्याने लिहिलेलं ‘द ब्रेड बिल्डर्स’ १९९९ साली आलं. त्याची भट्टी बुटक्या कमानीची आणि जाड अंगाची; तापायला तासन्‌तास घेणारी, पण एकदा तापली की एकामागून एक घाणे काढणारी. किको डेन्झर या ओरेगनच्या शिल्पकाराने याच्या उलट वाट धरली. ओल्या वाळूचा ढीग रचून त्याला घुमटाचा आकार द्यायचा, त्यावर ओला वर्तमानपत्राचा कागद, कागदावर वाळूमिश्रित चिकणमातीचा थर. माती घट्ट झाली की दार कापून आतली वाळू उपसून काढायची. अल्डरच्या सांगाड्याचं काम इथे वाळू करते, इतकाच फरक. खर्च थोडा, कौशल्य बेताचं. हौशी मंडळींचा पाय घसरतो तो घाईत: माती पुरती सुकण्याआधी मोठा जाळ केला की आतल्या पाण्याची वाफ होते आणि घुमट तडकतो.

पिझ्झाने मात्र भट्टीचं जुनं वेळापत्रक उलटंपालटं केलं. पावाच्या वेळी निखारे बाहेर काढलेले असत. नेपल्सच्या पिझ्झाला बाजूला धडधडता जाळ, सुमारे ४८५ अंश सेल्सिअसची भट्टी आणि ६० ते ९० सेकंद लागतात. दोन-तीन तास तापवून मिनिटभराचं भाजणं, हे क्यूबेकच्या एखाद्या आजीला नक्कीच उधळेपणाचं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी कोमट भट्टीत सफरचंदाच्या फोडी वाळवल्या तर तिचा राग थोडा निवळावा.

आपल्याकडे गोव्यात पोर्तुगीजांबरोबर पाव आला, भट्टीही आली, पण ती राहिली पोदेराकडे, म्हणजे पाववाल्याकडे. पोदेर हा शब्दच पोर्तुगीज ‘पादेइरू’वरून आला. पहाटे सायकलचा भोंगा वाजवत पोई आणि उंडे दारात येतात, तर घरात घुमट कशाला हवा? बेबिंकासारखा थर-थर भाजायचा पदार्थही तिथल्या बायकांनी भट्टीवाचून साधला: भांड्याच्या झाकणावर निखारे ठेवून, वरच्या आचेवर. मुंबईत तर लाकडाच्या भट्टीला आता निरोपच दिला जातो आहे. जानेवारी २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना स्वच्छ इंधनाकडे वळायला सहा महिन्यांची मुदत दिली. हवेचा विचार करता हे योग्यच. ब्रुन पावाच्या कडक पापुद्र्याचा विचार करता मन थोडं खट्टू होतं.

आणि ज्या कॅनडात थंडीने लोकांना दुसऱ्याच्या भट्टीपासून सोडवलं, तिथेच टोरांटोच्या डफरिन ग्रोव्ह उद्यानात १९९५ साली लाकडावर चालणारी एक सार्वजनिक भट्टी बांधली गेली. २००० साली दुसरी उभी राहिली. पिझ्झाच्या ठरलेल्या दिवशी लोक वरून घालायच्या भाज्या घरून आणतात, कणकेचा गोळा तिथे विकत घेतात आणि भट्टीपुढे रांग लावतात.