काम सुपूर्द करताना : रायगडची पायरी आणि बोरघाटाची कमान

जीर्णोद्धाराचे काम पूर्ण होऊन मंदिर गावाच्या स्वाधीन होण्याचा समय आला, की सर्वांचे डोळे कलशाकडे लागतात. ते साहजिकच आहे. परंतु त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडत असते आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. काल संध्याकाळपर्यंत जे काम बांधणाऱ्याचे होते, ते आता गावाचे होते. कालपर्यंत एखादा दगड हलला तर मिस्त्रीला हाक मारता येत होती. उद्यापासून कोणाला मारायची?

आपल्या डहाणू-तलासरी भागात कारवीच्या कुडाचे घर बांधताना हा प्रश्न कधी आला नाही. घरधनी, भाऊबंद आणि शेजारीपाजारी मिळून घर उभे करीत. बांधणारा तोच, राहणारा तोच. गळले तर त्यानेच वर चढून शाकारायचे. पैसा देणारा एक, बांधणारा दुसरा आणि वापरणारा तिसरा असे झाले, म्हणजे सुपूर्द करण्याचा विधी आवश्यक होतो. किल्ल्याचे तसे, रेल्वेचे तसे, आणि देवळाचेही तसेच.

महाराष्ट्रात या विधीचा सर्वांत सुंदर पुरावा रायगडावर आहे. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी, म्हणजे शके १५९६ मध्ये झाला. गडावरील बांधकाम हिरोजी इंदुलकर यांनी केले. (इटळकर असेही नाव काही जण वाचतात.) जगदीश्वराच्या मंदिरातील संस्कृत शिलालेखात विहिरी, तलाव, बागा, रस्ते, हत्तीशाळा, राजवाडे असे काय काय बांधले ते सांगितले आहे, आणि जोवर चंद्रसूर्य आहेत तोवर हे नांदो अशी इच्छा व्यक्त केली आहे. आम्हांस तर ती कामाची यादीच वाटते. धन्याच्या हाती दिलेली, दगडात कोरलेली. याखेरीज मंदिराच्या एका पायरीवर, आपण सेवेस तत्पर आहोत, एवढाच आशय असलेली हिरोजींच्या नावाची छोटी ओळ आहे. बक्षीस काय हवे असे महाराजांनी विचारले तेव्हा हिरोजींनी ही पायरीच मागितली, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, पायरी मात्र खरी आहे. नाव कोरल्याने बांधणारा कामाशी कायमचा बांधला जातो, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आता रेल्वेकडे वळू. आपल्या डहाणू रोडवरून जाणारा लोहमार्ग बी. बी. सी. आय. कंपनीने घातला, सुरतेकडून येणारी ही वाट १८६४ साली मुंबईत ग्रँट रोडपर्यंत पोचली. आपल्या किनाऱ्यावर कंपनीला खाड्यांनी छळले. दुसऱ्या कंपनीला, म्हणजे जी. आय. पी. ला, पुण्याच्या वाटेवर बोरघाटाने छळले, आणि बांधलेले काम हाती घेण्याचा खरा धडा तिथेच मिळाला.

घाटाचे काम १८५६ च्या आरंभी सुरू झाले. सुमारे पंधरा मैलांत अठराशे फुटांहून अधिक चढ, पंचवीस बोगदे आणि दगडी कमानींचे आठ मोठे पूल. पहिला मक्तेदार फॅव्हिएल. मजुरी वेळेवर मिळत नाही म्हणून जानेवारी १८५९ मध्ये मजुरांनी दंगा केला, आणि त्याच वर्षी फॅव्हिएलने मक्ता सोडला. पुढे सॉलोमन ट्रेडवेल यांनी तो घेतला. परंतु ते हिंदुस्थानात येऊन काही आठवड्यांतच वारले. तेव्हा त्यांच्या पत्नी ॲलिस ट्रेडवेल यांनी मक्ता स्वतःकडे ठेवला, ॲडम्सन आणि क्लाउझर या दोघा जाणत्या माणसांकडे देखरेख सोपविली आणि काम तडीस नेले. भर कामात, १८६१ मध्ये, चाळीस हजारांवर मजूर घाटात राबत होते. पटकी आणि तापाने त्यांतले हजारो दगावले. त्यांची नावे कोणत्याही पायरीवर नाहीत. ज्यांनी सारी आखणी केली ते मुख्य इंजिनिअर जेम्स बर्कले हेही १८६२ मध्ये वारले. २१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते घाटमार्ग खुला झाला.

समारंभ थाटात झाला. मार्ग कंपनीच्या ताब्यात आला आणि गाड्या धावू लागल्या. पुलांनी चार पावसाळे झेलले. पाचव्या पावसाळ्यात, जुलै १८६७ मध्ये, ‘मऊ की मळी’ येथील कमानींचा पूल कोसळला. चौकशीत दगडकामातले दोष बाहेर आले. मग त्या रेल्वेचे इतर पूलही तपासावे लागले आणि कित्येक नव्याने बांधावे लागले. दगडी कामातली फसगत ही नेहमी आतच असते. दर्शनी अंगाला घडीव चिरा, पोटात मात्र हाताला येईल ती भर आणि कमजोर चुना. समारंभाच्या दिवशी ते दिसत नाही. पावसाला दिसते.

हा खर्च कोणाच्या माथी बसला? कंपनीच्या भागीदारांना सरकारने भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिलेली होती, आणि हमीची तूट हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरून निघे. म्हणजे काम ताब्यात घेणारी कंपनी लंडनची, आणि पैसा भरणारा रयत इथला. ज्याचा पैसा गेला, त्याला चुना तपासायला कोणी बोलाविले नव्हते. आमच्या मते घाटातल्या पडझडीचे निम्मे कारण इथेच आहे.

देवळाच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. प्रतिष्ठापित देवता ही आपल्याकडे कायद्याने स्वतंत्र व्यक्ती मानली जाते. तिच्या नावे मालमत्ता असू शकते. विश्वस्त हे मालक नव्हेत, मालकाच्या वतीने सांभाळणारे आहेत. त्यामुळे मिस्त्रीने किल्ली पुढे केली असता स्वतःच्या घराच्या बाबतीत आपण जसे “चालेल, असू द्या” म्हणतो, तसे म्हणण्याची मुभा विश्वस्तांना नाही. दहा रुपये देणाऱ्या म्हातारीचेही त्यात काही असते.

सरकारी बांधकामात यासाठी फार साधी व्यवस्था आहे. पाया बुजविण्यापूर्वीच मोजमाप वहीत नोंद होते, कारण बुजल्यावर ते मोजता येत नाही. बिलातून काही रक्कम अनामत म्हणून राखून ठेवतात, आणि ठरलेली मुदत दोषाविना पार पडली म्हणजे ती परत देतात. आपल्या कोकणपट्टीत या मुदतीत निदान एक पुरा पावसाळा आलाच पाहिजे. दिवाळीला ताबा घेऊन वैशाखात अनामत फेडणे म्हणजे छपराची परीक्षा न घेताच त्याला उत्तीर्ण करणे होय. यात मिस्त्रीचा अपमान नाही. चांगला कारागीर स्वतःच सांगतो, की पागोळ्या धरू द्या, मग हिशेब करू.

काम हाती येईल त्या दिवशी नारळ, धोतर आणि उपरणे देऊन गवंडी-सुतारांचा मान करण्याची रीत आहे, ती चालूच ठेवावी. त्याच वेळी नकाशा, मोजमापाची वही, पाया किती खोल गेला त्याची नोंद आणि चुना-सिमेंट कुठून आणले त्याच्या पावत्या एका पेटीत घालून विश्वस्तांकडे द्याव्यात. देणगीदारांची नावे संगमरवरात येतातच. पेटीतल्या एका कागदावर गवंडी, सुतार, पाथरवट आणि पाट्या वाहणाऱ्या बायाबापड्यांचीही नावे लिहून ठेवावीत. पन्नास वर्षांनी कोणी पुन्हा छप्पर उघडील, तेव्हा प्रथम ती पेटी शोधील.