दुष्काळात उभं राहिलेलं चर्च

मागच्या हिवाळ्यात आम्ही नांदेडकडच्या गटाच्या बारा जणी हैदराबादला निघालो होतो. वाट थोडी वाकडी करून मेदकला उतरलो, तिथलं मोठं चर्च बघायला.

त्याचा मनोरा १७५ फूट उंच. आत पाय ठेवला आणि आमची बडबड आपोआप थांबली. लांबी २०० फूट, रुंदी १०० फूट. पाच हजार माणसं मावतात म्हणे. कमानी वर टोकदार, दोन हात जोडावेत तशा. या घडणीला गॉथिक म्हणतात. टोकदार कमान भिंतीला बाहेर कमी रेटते, छताचा भार खाली खांबांवर उतरवते. म्हणून भिंतीत उंच खिडक्या ठेवता येतात. इथल्या रंगीत काचांच्या तीन खिडक्यांत येशूचा जन्म, क्रूसावरचा मृत्यू आणि स्वर्गारोहण दाखवलंय. बाहेरचा उजेड आला की चित्रं जिवंत होतात.

पण हे बांधलं कुणी? काम १९१४ साली सुरू झालं आणि २५ डिसेंबर १९२४ ला चर्च खुलं झालं. तेव्हा मेदक आणि आपला मराठवाडा एकाच निजामी राज्यात होते. त्या मुलखात दुष्काळ पडला होता. चार्ल्स वॉकर पॉस्नेट या इंग्रज धर्मोपदेशकांनी उपाशी लोकांना या बांधकामावर काम दिलं आणि कामाच्या बदल्यात अन्न दिलं.

हे ऐकून आमच्यातली एक आजी खांबावर हात ठेवून उभीच राहिली. म्हणाली, "बाहत्तरच्या दुष्काळात मी पण खडी फोडली गं. सुकडी खाऊन दिवस काढले. आपला पाझर तलाव आम्हीच बांधला. पण तिथल्या पाटीवर उद्घाटन करणाऱ्याचंच नाव आहे."

पॉस्नेटसाहेबांचं नाव आज सगळे सांगतात, आणि ते सांगावंच. पण दगड वाहणाऱ्यांची नावं आम्हांला कुणी सांगितली नाहीत.

गावी परतल्यावर पुढच्याच बैठकीत आम्ही एक कोरी वही काढली. बाहत्तर साली तलावावर राबलेल्या बायांची नावं आजीला विचारून लिहितोय. आतापर्यंत तेवीस झाली. त्यातल्या सहाच जणी हयात आहेत.

मैत्रिणींनो, तुमच्या गावातही असा एखादा तलाव, एखादा रस्ता असेल. म्हाताऱ्या माणसांना आजच विचारा. वही दहा रुपयांत मिळते.